तंत्रज्ञान कंपनीतील प्रॉडक्ट डिझाइन इंटर्न : सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी कामाची ओळख आणि पूर्वतयारी

तंत्रज्ञान कंपन्यांच्या व्यवहारात ‘प्रॉडक्ट’ म्हणजे बहुधा हातात धरता येणारी वस्तू नसून मोबाइलवरील अ‍ॅप, संकेतस्थळ किंवा एखाद्या कार्यालयाचे कामकाज चालवणारी संगणकप्रणाली असते. त्या प्रणालीतून माणसाने आपले काम कोणत्या क्रमाने आणि किती पायऱ्यांत पुरे करावे, चूक झाल्यास मागे कसे फिरावे, हे ठरवण्याच्या कामाला तेथे प्रॉडक्ट डिझाइन म्हणतात. रंग, अक्षरे आणि चिन्हे यांची निवड हा या कामाचा डोळ्यांना दिसणारा भाग आहे, परंतु त्याआधी येणारा आणि अधिक वेळ घेणारा भाग म्हणजे प्रश्न नेमका कोणाचा आहे, तो आज कसा सुटतो, कोठे अडतो आणि तो सोडवणे कंपनीला परवडेल काय, याचा शोध. संतपूर, औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंद या भागांतील मराठी घरांत हा व्यवसाय अद्याप अपरिचित असल्याने, ज्याची चित्रकला चांगली त्याचे हे क्षेत्र, असा समज सहज होतो आणि त्या समजापायी चित्र न काढणारे परंतु नीट विचार करणारे कितीतरी विद्यार्थी या वाटेकडे फिरकत नाहीत. इंटर्नशिप, म्हणजे शिक्षण चालू असताना किंवा ते संपताच ठरावीक मुदतीसाठी केलेली आंतरवासिता, या क्षेत्रात साधारणतः दोन ते सहा महिन्यांची असते, आणि कंपनी तिच्याकडे प्रशिक्षणाइतकीच लांबलेली मुलाखत म्हणूनही पाहत असते.

भारतात अभियांत्रिकीच्या आवारात डिझाइनचे शिक्षण रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने सुधाकर नाडकर्णी यांना दिले जाते. त्यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर उभे राहिले आणि तेथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी पुढे या व्यवसायाची घडी बसवली. आज बारावीनंतर यूसीड ही परीक्षा देऊन आयआयटींच्या पदवी अभ्यासक्रमांना आणि पदवीनंतर सीड ही परीक्षा देऊन पदव्युत्तर अभ्यासक्रमांना प्रवेश मिळवता येतो. दोन्ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते, तर अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेते आणि तिची एक शाखा बेंगळुरूतही आहे. बिदरहून हैदराबादला जाताना संगारेड्डीजवळ कंदी येथे आयआयटी हैदराबादचे आवार लागते, आणि तेथे डिझाइनचा स्वतंत्र विभाग आहे, ही गोष्ट त्या रस्त्याने वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्या पालकांनाही ठाऊक नसते. तथापि, अशा संस्थेचा शिक्का नसलेल्या विद्यार्थ्याला दार बंद आहे असे मुळीच नाही. बिदर किंवा कलबुर्गी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून संगणकशास्त्र शिकणाऱ्यांना, इतकेच नव्हे तर कला शाखेच्या पदवीधरांनाही, या क्षेत्रात शिरता येते, कारण निवड करणारी व्यक्ती गुणपत्रिकेआधी पोर्टफोलिओ पाहते.

पोर्टफोलिओ म्हणजे केलेल्या कामांची निवडक मांडणी. तीत चित्रांची संख्या वाढवण्याऐवजी दोन किंवा तीन प्रश्न घेऊन, ते कसे समजून घेतले, कोणते पर्याय तपासले, कोणते टाकून दिले आणि का, हे सांगणे अपेक्षित असते. नवखे विद्यार्थी बहुतेक वेळा एखादे प्रसिद्ध अ‍ॅप घेऊन त्याचे रूप पालटून दाखवतात; परंतु त्या अ‍ॅपच्या आतली आकडेवारी, त्याचा खर्च आणि त्याच्या अडचणी बाहेरच्या माणसाला दिसत नसल्याने ती कसरत वरवरची राहते, आणि परीक्षकाने तसली डझनावारी कामे आधीच पाहिलेली असतात. बिदर जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या बाबतीत दुसरा मोह बिदरी कलाकुसरीच्या विक्रीसाठी संकेतस्थळ काढण्याचा असतो. विषय आदरणीय आहे, परंतु कारागिराला खरी अडचण विक्रीची आहे की चांदीच्या भावाची, हे त्याच्याकडे बसून विचारल्याशिवाय काढलेले संकेतस्थळ म्हणजे पर्यटनाची पुस्तिकाच होय.

त्यापेक्षा संतपूरच्या थांब्यावर रोज उभा असलेला प्रश्न कितीतरी सकस आहे. औराद तालुक्याला एका बाजूने महाराष्ट्र आणि दुसऱ्या बाजूने तेलंगण लागून आहे, आणि महिलांच्या बसप्रवासाबाबत या तिन्ही राज्यांचे नियम निरनिराळे आहेत. कर्नाटकाच्या ‘शक्ती’ योजनेत ११ जून २०२३ पासून राज्यातील रहिवासी महिलांना साध्या बसमधून राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास आहे आणि त्यासाठी शून्य रकमेचे तिकीट दिले जाते. महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे, शिवाय ७५ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. तेलंगणाच्या ‘महालक्ष्मी’ योजनेत ९ डिसेंबर २०२३ पासून तेथील महिलांना ठरावीक प्रकारच्या बसमध्ये मोफत प्रवास मिळतो. सवलत राज्याच्या सीमेपाशी थांबते, बस मात्र पुढे जाते. उदगीरला माहेरी निघालेली औरादची स्त्री, तिच्यासोबतची सासू आणि दहा वर्षांचा मुलगा अशा तिघांचे तिकीट काढताना बस कोणत्या महामंडळाची, सीमा कोणत्या टप्प्याला, ओळखपत्र कोणत्या राज्याचे आणि वय किती, अशा चार गोष्टी एकदम जुळवाव्या लागतात, आणि ते गणित गर्दीत उभा असलेला कंडक्टर पुढचा थांबा येण्याआधी सोडवत असतो.

हा प्रश्न पोर्टफोलिओसाठी घेतल्यास पहिली परीक्षा वापरकर्ता ओळखण्याची होते. बहुतेकांच्या मनात प्रवाशासाठी अ‍ॅप काढण्याची कल्पना प्रथम येते. परंतु थोडा वेळ बसमध्ये उभे राहून पाहिल्यास ध्यानात येते की निर्णयाचा भार प्रवाशावर नसून तिकीटयंत्र हाती असलेल्या कंडक्टरवर आहे, आणि त्याचा एक हात दांडीला, तर लक्ष दाराकडे असते. त्यानंतर तिन्ही राज्यांच्या नियमांचा तक्ता करावा, तो अधिकृत परिपत्रकाशी ताडून पाहावा, कारण योजनांच्या अटी बदलत असतात, आणि मग वायरफ्रेम, म्हणजे रंगरूप नसलेला, केवळ चौकटी व शब्दांचा कच्चा आराखडा, कागदावर काढावा. कागदी पडदे एकामागून एक बदलत एखाद्या ओळखीच्या कंडक्टरकडून पाच-सहा काल्पनिक तिकिटे काढवून घेतली, म्हणजे किती वेळा बटण दाबावे लागले, कोठे थांबावे लागले आणि कोठे चुकीची रक्कम आली, याची नोंद करता येते. या कच्च्या नमुन्यालाच प्रोटोटाइप आणि या तपासणीला उपयोगिता चाचणी म्हणतात. पहिला आराखडा का फसला हे दाखवणारे पान पोर्टफोलिओमधून कधीही वगळू नये, कारण निवड करणारा डिझाइनर नेमके तेच पान शोधत असतो. प्रवाशाला मिळणाऱ्या कागदी तिकिटावर सीमेपर्यंतची आणि सीमेपुढची रक्कम वेगळी छापली तर कंडक्टरशी होणारे वाद कमी होतील काय, असा प्रश्न जो विद्यार्थी स्वतःहून उपस्थित करील, त्याने पडद्याबाहेरही विचार केला हे वेगळे सांगावे लागत नाही.

साधनांविषयी थोडक्यात सांगता येईल. फिग्मा हे ब्राउझरमध्ये चालणारे, अनेकांना एकाच वेळी एका आराखड्यावर काम करू देणारे साधन बहुतेक कंपन्यांत वापरले जाते आणि विद्यार्थ्यांना ते विनामूल्य मिळते. पेनपॉट हे मुक्तस्रोत साधनही उपलब्ध आहे. कोणतेही एक साधन महिन्या-दोन महिन्यांच्या सरावाने हाती येते, त्यामुळे महागड्या शिकवणीवर्गाला पैसे भरण्याचे कारण नाही. लिखित आज्ञेवरून क्षणात पडदे काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता हाताशी असल्याने केवळ नीटनेटका पडदा काढण्याचे मोल उतरले आहे. सीमेवरच्या तिकिटाचा नियम समजून घेण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते.

सीमाभागातील मराठी विद्यार्थ्याकडे एक जमेची बाजू असते. तिचा उल्लेख मुलाखतीत ओळखीपुरता न करता कामात दाखवावा. मराठी घरात, कन्नड कार्यालयात, हिंदी किंवा दखनी बाजारात आणि इंग्रजी महाविद्यालयात, असा चार भाषांतून होणारा त्याचा वावर भारतीय प्रॉडक्टसाठी उपयोगी असतो. इंग्रजी मजकुरासाठी आखलेल्या पडद्यावर देवनागरी बसवली की शिरोरेघेवरच्या वेलांट्या आणि रफार, तसेच खालचे उकार छाटले जातात. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा वर्ण मुख्य अक्षराच्या खाली उतरत असल्याने तळाची जागा आणखी अपुरी पडते. ओळींमधील अंतर कोणत्या लिपीसाठी किती वाढवावे, हे दोन्ही लिप्या वाचणारा विद्यार्थी एका नजरेत सांगू शकतो, तर इतरांना त्यासाठी माणूस शोधावा लागतो. मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळा असतो, ‘ऱ्य’ मधील अर्धा र प्रत्येक फॉन्टमध्ये नीट उमटतोच असे नाही, आणि बिदरचा शेतकरी जमिनीच्या ज्या कागदाला पहाणी म्हणतो त्यालाच लातूरचा शेतकरी सातबारा म्हणतो. या बाबी आराखड्यात खरा मजकूर भरून तपासाव्यात, अर्थहीन लॅटिन मजकुराने जागा भरू नये. भारतीय लिप्यांसाठी झालेल्या अशा कामाच्या परंपरेची ओळखही असावी. आयआयटी मुंबईत सुलेखन व अक्षररचना शिकवणारे र. कृ. जोशी यांनी पुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोजसाठी ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट रेखाटला, मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट कोणालाही विनामूल्य वापरता येतो, आणि आयआयटी मुंबईतच अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णमालेच्या तर्कावर आधारलेला ‘स्वरचक्र’ हा मोबाइलचा कळफलक विकसित केला. ‘स्वरचक्र’ काही दिवस वापरून आपल्या नेहमीच्या कळफलकाशी त्याची तुलना लिहून काढणे हा मुलाखतीपूर्वीचा उत्तम अभ्यास ठरेल.

निवडप्रक्रियेत पोर्टफोलिओचे सादरीकरण, एखाद्या प्रचलित अ‍ॅपचे परीक्षण आणि घरी करण्याचा एक स्वाध्याय असे टप्पे सामान्यतः असतात. स्वाध्याय मर्यादित वेळेचा असणे योग्य समजले जाते. कंपनी स्वतःच्या चालू प्रॉडक्टचे आठवडाभराचे काम विनामोबदला मागत असेल तर वेळेची मर्यादा नम्रपणे विचारून घ्यावी. नेमणुकीसाठी नोंदणीशुल्क, अनामत किंवा प्रशिक्षणशुल्क मागणारी जाहिरात फसवी समजून बाजूला ठेवावी. शासकीय पातळीवर २०२४ मध्ये प्रायोगिक रूपात सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत २१ ते २४ वयोगटातील पात्र तरुणांना मोठ्या कंपन्यांत बारा महिन्यांची संधी आणि दरमहा ५,००० रुपये साहाय्य अशी तरतूद करण्यात आली. परंतु ती सर्व प्रकारच्या कामांसाठी आहे, डिझाइनची जागा तीत मिळेलच असे नाही, आणि बेंगळुरूसारख्या शहरात तेवढ्या रकमेत राहण्या-खाण्याचा मेळ बसणे कठीण आहे. म्हणून विद्यावेतन किती, काम कार्यालयात की घरून, लॅपटॉप कोणाचा आणि मार्गदर्शक कोण, हे चार प्रश्न होकार देण्याआधी लेखी स्पष्ट करून घ्यावेत. घरमालकाची अनामत रक्कम पहिल्या विद्यावेतनाच्या कितीतरी आधी भरावी लागते, याचा अंदाज घरच्यांना वेळीच दिलेला बरा.

कामावर रुजू झाल्यावर पहिले दोन आठवडे नवे काही काढून दाखवण्याचे नसून वाचण्याचे असतात. बहुतेक कंपन्यांत डिझाइन सिस्टीम, म्हणजे बटणे, रंग, अक्षरांचे आकार आणि त्यांच्या वापराचे नियम यांचा ठरलेला संच असतो. तो संच आधी पाठ व्हावा लागतो, कारण इंटर्नने स्वतःच्या आवडीचे नवे बटण काढले तर ते अभियंत्याला नव्याने बांधावे लागते. मार्गदर्शकाकडून काम मिळताच ते स्वतःच्या शब्दांत एका परिच्छेदात लिहून परत पाठवावे : प्रश्न कोणाचा, यश कशावरून ठरवायचे, काय बदलायचे नाही आणि मुदत कोणती. ही सवय इतर सर्व सवयींहून अधिक उपयोगी ठरते, कारण इंटर्नचे बहुतेक वाया गेलेले आठवडे कौशल्याच्या अभावी नव्हे तर चुकीच्या प्रश्नावर इमाने काम केल्यामुळे वाया जातात. अडल्यास किती वेळ स्वतः झटावे आणि केव्हा विचारावे हेही पहिल्याच दिवशी मार्गदर्शकाशी ठरवून घ्यावे. ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणत वाढलेल्या मुलामुलींना वरिष्ठांना पहिल्या नावाने हाक मारण्याची तेथील पद्धत आरंभी अवघड जाते. पण तेथे तो उद्धटपणा समजला जात नाही, आणि अति आदरापोटी शंका न विचारणे मात्र दोष समजला जातो.

क्रिटिक नावाच्या बैठकीची भीती सर्वाधिक असते. अपुरे काम सहकाऱ्यांसमोर मांडून त्यातील उणिवा काढून घेण्याची ही बैठक असते. तेथे पूर्ण झालेले, चकचकीत काम नेले तर कोणी मनापासून बोलत नाही. बैठकीच्या आरंभीच कोणत्या मुद्द्यावर मत हवे आहे हे एका वाक्यात सांगावे, टीका चालू असताना बचाव न करता लिहून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी कोणती सूचना स्वीकारली, कोणती नाही व का, हे कळवावे. इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्याने बोलण्याआधी मुद्दे लिहून काढावेत. या व्यवसायात लिखित स्पष्टता बोलण्याच्या सफाईइतकीच, किंबहुना अधिक, मोजली जाते.

वापरकर्त्यांच्या अभ्यासात पाच जणांवर चाचणी पुरे, असा संकेत रूढ आहे. तो जेकब नीलसन आणि थॉमस लँडॉअर यांच्या १९९३ मधील गणिती मांडणीवरून आला असून, एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांपैकी पाच जणांची चाचणी घेतल्यास उपयोगितेच्या बहुतेक मोठ्या अडचणी उघड होतात, एवढाच त्याचा अर्थ आहे. मराठी वाचणारे, कन्नड वाचणारे आणि वाचता न येणारे हे तीन वेगळे गट असतील तर प्रत्येक गटातून माणसे घ्यावी लागतात. चाचणीत ‘हे आवडले का’ असे विचारू नये, कारण पाहुण्याला दुखवू नये म्हणून आपल्याकडे उत्तर नेहमी होकारार्थीच येते. त्याऐवजी काम सोपवून गप्प बसावे. संमती घ्यावी, आधार क्रमांक किंवा फोनची छायाचित्रे घेऊ नयेत, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर अशा बाबतीत कंपन्या सावध झाल्या आहेत. येथे एक धोका खास सीमाभागातील इंटर्नसमोर असतो : सहकारी त्यालाच ग्रामीण भारताचा प्रतिनिधी ठरवतात आणि ‘तुमच्याकडचे लोक हे कसे वापरतील’ असा प्रश्न बैठकीत टाकतात. त्याचे तत्काळ उत्तर देण्याचा मोह टाळून, चार दिवसांत फोनवर आठ माणसांना विचारून सांगतो, असे म्हणणारा इंटर्न त्या बैठकीत अधिक वजन मिळवतो, कारण स्वतःच्या आजीचा अनुभव हा पुरावा नसून पुराव्याकडे नेणारा धागा असतो.

अभियंत्यांकडे आराखडा सोपवण्याला हँडऑफ म्हणतात, आणि नवख्याचे अज्ञान तेथेच उघडे पडते. सर्व काही सुरळीत असतानाचा एकच पडदा देऊन भागत नाही. यादी रिकामी असताना, माहिती येत असताना, इंटरनेट मध्येच तुटल्यावर, पैसे खात्यातून गेले पण पावती आली नाही तेव्हा, आणि नाव तीन ओळींचे झाले तर, काय दिसावे हे प्रत्येक ठिकाणी ठरवलेले असावे लागते. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील प्रकाशभेदाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, असा सुलभतेचा आंतरराष्ट्रीय निकष आहे, तर अँड्रॉइडसाठी बोटाने दाबायच्या जागेचा आकार प्रत्येक बाजूने किमान ४८ एकके असावा अशी गुगलची शिफारस आहे. एप्रिलच्या उन्हात तुरीच्या आडतीत उभ्या असलेल्या माणसाच्या फोनवर हे निकष का आहेत ते लगेच कळते. शक्य झाल्यास आराखडा जुन्या, स्वस्त आणि काचेला तडा गेलेल्या फोनवर उघडून पाहावा.

अखेरच्या पंधरवड्यात नवे काम अंगावर घेऊ नये. घेतलेले निर्णय आणि त्यांची कारणे, अनिर्णित प्रश्न, न झालेल्या चाचण्या आणि फाइली कोठे आहेत यांची टिपणे करून मार्गदर्शकाकडे द्यावीत; कायम नोकरीचा प्रस्ताव येवो वा न येवो, शिफारस मागताना याच टिपणांचा आधार मिळतो. गोपनीयतेच्या करारावर सही झालेली असल्याने कंपनीतील काम पोर्टफोलिओत परस्पर लावता येत नाही. कोणते पडदे दाखवता येतील, कोणते आकडे झाकावे लागतील आणि प्रॉडक्ट बाजारात येईपर्यंत किती काळ थांबावे लागेल, याची परवानगी ईमेलने, नेमक्या पानांचा उल्लेख करून, शेवटच्या दिवसाच्या निदान आठवडाभर आधी मागावी. उत्तर आल्यास ते स्वतःच्या खाजगी ईमेल पत्त्यावर पाठवता येईल काय, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून ठेवावे, कारण कंपनीने दिलेला पत्ता मुदत संपताच बंद होतो आणि आतला पत्रव्यवहार इंटर्नला पुन्हा पाहता येत नाही.